न विचारलेली हाडं

"बाई, तुम्हाला चोमडीने धरलं," मामा म्हणाले, आणि मला वाटलं, नेहमीची थट्टा. मामा म्हणजे आमच्या एक्स-रे विभागातले सगळ्यात जुने तंत्रज्ञ, निवृत्तीला टेकलेले, दवाखान्यातल्या सगळ्यांचेच मामा. चोमडी हे नावही त्यांनीच ठेवलेलं. विभागात नवा प्रोग्राम आला तेव्हापासून छातीचा कुठलाही फोटो काढला की तो आधी त्याच्याकडे जातो. माणूस आलेला असतो खोकल्यासाठी, तापासाठी, नाहीतर ऑपरेशनच्या आधीची तपासणी म्हणून. ही बया मात्र फुप्फुसं सोडून हाडांकडे बघत बसते. हाड विरळ वाटलं की मणक्यांभोवती पिवळी चौकट आखते आणि खाली लिहिते: हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता, पुढील तपासणी करावी. विचारलंय कोणी तुला? म्हणून चोमडी. हातात चहाचा कप घेऊन मी हसत हसत पडद्याशी गेले. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाचा वर्षातून एकदा छातीचा फोटो काढतात, तो माझा पाळीवर आल्या आल्याच झाला होता. हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास घ्या, धरून ठेवा. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आले, त्यामुळे स्वतः प्लेटला छाती टेकून उभी राहिले की मला हमखास हसू येतं. पडद्यावर माझी फुप्फुसं स्वच्छ होती, हृदय जागच्या जागी होतं, आणि मधोमध, पाठीच्या कण्यावर, पिवळी चौकट होती. मी चहा पिऊन टाकला. तो गार झाला होता की मीच गार पडले होते, कुणास ठाऊक.

खरं सांगायचं तर आम्ही हाडं बघतच नाही. छातीचा फोटो म्हणजे फुप्फुसं. बरगड्या, मणके, खांद्याचं हाड हे सगळं मध्ये येतं, म्हणून त्यांच्या पलीकडे बघायला शिकायचं. नवीन लागले तेव्हा मला फक्त बरगड्याच दिसायच्या. पुढे नजर अशी तयार झाली की बरगड्या दिसेनाशाच झाल्या. दारात रोज उभा असणारा माणूस दिसत नाही, तसं. बायका यायच्या, गळ्यातलं काढून ठेवायच्या, केस वर बांधायच्या, थंडगार प्लेटला टेकताना अंग चोरायच्या. मी त्यांचा फोटो काढायचे, फुप्फुसं बघायचे, 'झालं, कपडे घाला' म्हणायचे. त्यातल्या कितीतरी जणींच्या पाठीत आतल्या आत काय चाललं असेल ते तिथेच होतं, माझ्या डोळ्यांसमोर, काळ्या-पांढऱ्या रंगात. मी काही डॉक्टर नाही, ते वाचणं माझं कामही नाही. पण त्या दिवशी स्वतःच्या मणक्यांभोवतीची चौकट बघताना मला त्या सगळ्या उघड्या पाठी आठवल्या, आणि मी मामांवर उगाचच खेकसले. म्हटलं, ते यंत्र खुळं आहे, परवा त्या कुस्तीवाल्यालाही चौकट आखली होती त्याने. मामा माझा फोटो मोठा करून बघत बसले. मामा गप्प बसले की समजावं, प्रकरण थट्टेचं नाही.

फोटो वाचणारे आमचे डॉक्टर तसे मितभाषी. त्यांनी मला आत बोलावलं, कुशीवर झोपवून पाठीचा फोटो काढून घेतला, हाडांची घनता मोजायच्या यंत्राखाली निजवलं, आणि मग पेन्सिलीचं टोक पडद्यावर टेकवून म्हणाले, "हा बघा. हा पुढून बसलाय." मणके एकावर एक विटांसारखे रचलेले असतात. त्यातली एक वीट पुढच्या बाजूने दबली होती. "तुम्ही पडला होतात का कधी?" "नाही." "पाठ दुखत नव्हती?" आता पाठ कुणाची दुखत नाही? पन्नाशी ओलांडलेल्या, दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला पाठ दुखते का असं विचारणं म्हणजे तुला सावली आहे का विचारण्यासारखं. मी म्हटलं, दुखते की. "काही जड उचलता?" मी पडद्यावरच्या त्या विटेकडे बघत राहिले. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "घरी कोण असतं?" म्हटलं, नवरा असतो, मुलगी शिकायला बाहेर असते, आणि सासूबाई असतात. "त्या हिंडत्या-फिरत्या आहेत?" नाहीत, म्हटलं. त्यांना मी उचलते.

सासूबाईंची डावी बाजू गेली त्याला आता काही वर्षं झाली. वाचा शाबूत राहिली. ती गेली असती तर घर सुनं झालं असतं, असं मी म्हणायचे, आणि नवरा म्हणायचा की तुला निवांतपणा मिळाला असता असं म्हणायचंय तुला. एक हात, एक पाय नुसते लोंबत. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून संडासात, तिथून परत खुर्चीत. नवरा सकाळीच कामाला जातो तो दिवेलागणीला येतो. माझी पाळी दुपारची, आणि दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून सकाळचं सगळं माझ्याकडे आणि मधल्या वेळेत एक धावती फेरी. दोन मदतनीस बायका ठेवून बघितल्या होत्या. पहिलीला सासूबाईंनी तिच्या चपलांच्या आवाजावरून हाकललं आणि दुसरी स्वतःच पळाली. मग मीच. दवाखान्यात आम्हाला उचलण्याची रीत शिकवतात. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला भिडवायचा, त्यांचा चांगला हात आपल्या मानेभोवती घ्यायचा, त्यांची हनुवटी आपल्या खांद्यावर, आपले दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे गुंफायचे, आणि मागे रेलत उभं करायचं. उभं केल्यावर लगेच वळायचं नाही. क्षणभर तसंच थांबायचं, त्यांना भोवळ येते.

तो थांबण्याचा क्षण, त्याबद्दल मी कुणाला कधी काही सांगितलेलं नाही. सासूबाई आणि मी, आमचं पहिल्यापासून पटलं नाही. त्या टेलिफोन खात्यात होत्या, जुन्या काळातल्या ऑपरेटर. कान तिखट, जीभ त्याहून तिखट. माझी नोकरी, माझा स्वयंपाक, माझं मोठ्याने हसणं, सगळ्यावर त्यांचं काहीतरी म्हणणं असायचं. मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा सबंध उन्हाळा आम्ही नवऱ्याच्या मार्फत बोललो, तो बिचारा दोन्हीकडचे निरोप पोचवून मेटाकुटीला आला. मी त्यांच्या पाया पडले असेन, एकमेकींची आजारपणं काढली असतील, पण मिठी? आमच्या घरात माणसं एकमेकांना धरत नसत. आणि आता दिवसातून कितीदा तरी त्यांचा हात माझ्या मानेभोवती, त्यांच्या अंगाचा मलमाचा आणि साबणाचा वास, त्यांचा गाल माझ्या कानाशी. समोरासमोर बसून आम्हाला जे कधी बोलता आलं नाही ते तिथे, भोवळ उतरेपर्यंतच्या थांब्यात, बोललं जायला लागलं. एकमेकींचं तोंड दिसत नसायचं ना. "तुझे केस फार पांढरे झाले गं," त्या माझ्या कानात म्हणायच्या. नाहीतर, "काल मला ह्यांचं स्वप्न पडलं. बोलले नाहीत काही, नुसते वर्तमानपत्र वाचत होते." एकदा म्हणाल्या, "तुला मी फार बोलले ना गं सुरुवातीला?" मी म्हटलं, "सुरुवातीला? काल काय केलंत मग?" त्या हसल्या. खुदुखुदू हसणारं ते अंग मी दोन्ही हातांनी धरून उभी होते. मग खुर्चीत बसवलं की लगेच पहिल्यासारखं सुरू: पडदा नीट ओढला नाहीस, चहा पांचट झालाय.

कुठल्या दिवशी मणका बसला ते डॉक्टरांना सांगता आलं नाही, काही महिने झाले असावेत म्हणाले. मला मात्र तो दिवस माहीत होता. न्हाणीघरात त्यांचा चांगला पाय घसरला आणि त्या अंगासकट माझ्यावर आल्या. मी पडू दिलं नाही. पाठीत काहीतरी चमकलं, वाळकी काटकी मोडावी तसा बारीक आवाज, की आवाज मी मागाहून बसवला, काही सांगता येत नाही. डोळ्यांपुढे पांढरं झालं. "काय गं?" त्यांनी विचारलं. "काही नाही, लचक भरली." आम्ही दोघी तशाच ओल्या फरशीवर एकमेकींना धरून उभ्या राहिलो, आणि कोण कोणाला धरून आहे हे तेव्हा विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पुढे कितीतरी दिवस मी उशीखाली मलमाची नळी ठेवून झोपले. नवऱ्याला म्हटलं, वय झालं. तो म्हणाला, तुझं कसलं वय, आणि कूस बदलून झोपला. त्याला तरी बोल का लावू, मला स्वतःलाच कुठे कळलं होतं?

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. इंजेक्शनं मिळतील, गोळ्या मिळतील, हाड भरून येतं, वेळेवर कळलं हे नशीब समजा. फक्त उचलणं आजपासून बंद. "अजून एक बसला तर वाकाल. दोन बसले तर तुम्हालाच उचलायला माणूस लागेल." मी मान डोलावली आणि घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. त्या रागीट पिवळ्या चौकटीला पर्समध्ये घालून आणल्यासारखं वाटत होतं. आल्या आल्या सासूबाईंनी हाक मारली, आणि मी गेले, गुडघा गुडघ्याला भिडवला, आणि उचललं. त्या दिवशी पहिल्यांदा मी उचलता उचलता स्वतःच्या पाठीकडे कान लावून होते. आता बसेल, आता बसेल. दुखत होतं ते पूर्वीही दुखायचंच, पण पूर्वी ते नुसतं दुखणं होतं, आता त्याला आकार आला होता, मी तो पडद्यावर बघितला होता. माहिती झाल्याने अंग बदलतं का हो? माझं बदललं. जिना उतरताना मी कठडा धरायला लागले. शिंक आली तर भिंतीला टेकायला लागले. आणि तरीही रोज उचलत राहिले. काय कारण होतं? सांगितलं असतं तर दुसरं काही करावं लागलं असतं, बाई ठेवावी लागली असती, नाहीतर त्यांना कुठेतरी ठेवायचं बोलणं निघालं असतं. हे झालं वरवरचं. आतलं कारण असं की मला तो थांबा सोडायचा नव्हता. पन्नाशीच्या बाईला लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे. मला कुणीतरी रोज मानेभोवती हात टाकत होतं, आणि मला ते हवं होतं.

फुटलं ते मामांमुळे. नवरा एका संध्याकाळी मला न्यायला आला होता, आणि मामांनी आपुलकीने विचारलं, "बाईंची पाठ काय म्हणते? इंजेक्शन मानवलं ना?" रस्ताभर नवरा माझ्या दोन पावलं पुढे चालत राहिला. घरी स्वयंपाकघराचं दार लोटून म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, सांगून काय झालं असतं. "काय झालं असतं? तू वेडी आहेस का? मणका मोडलाय तुझा! आईला उचलून उचलून मोडलाय आणि तू अजून..." "हळू बोल." "हळू काय हळू!" त्याचा आवाज चिरकला. मग तो ओट्याशी उभा राहून रडला, मला म्हणाला, तुझं काही झालं तर मी काय करू. मला त्याची दया आली आणि बरंही वाटलं, ह्या माणसाने माझ्यासाठी रडल्याला युगं लोटली होती. आम्ही हळू आवाजात बरंच बोललो. पण भिंत पातळ होती, आणि पलीकडे जन्मभर कानाला यंत्र लावून दूरच्या गावांचे आवाज ऐकलेली बाई पडलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी गेले. पांघरूण काढलं, त्यांना काठाशी बसतं केलं, गुडघा भिडवला, वाकले. त्यांनी हात वर केला नाही. मला वाटलं झोपेत असतील. "आई, हात." "मला नाही उठायचं." "अहो, असं काय करता? तोंड धुवायचंय." "इथेच भांडं आण." मी त्यांचा हात धरून स्वतःच्या मानेवर टाकला, त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला. चांगला हात होता, त्यात अजून ताकद होती. माझ्याकडे न बघता, समोरच्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, "बोलून बोलून तुझी हाडं मोडली तेवढी पुरेत. आता अंगाने नाही मोडायची." मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, मग चिडले, मग हातापाया पडले. म्हटलं, डॉक्टर उगाच घाबरवतात, म्हटलं, इंजेक्शनाने हाड कधीच भरलं, म्हटलं, त्या यंत्राला काही कळत नाही, कुस्तीवाल्यालाही चौकट आखतं ते. खोटंच सगळं. "खोटं बोलताना तुझा आवाज अर्धा सूर चढतो," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

मग सगळं रीतीप्रमाणे झालं. नवरा सकाळी जायच्या आधी आणि आल्यावर त्यांना उठवायचा. त्याला रीत यायची नाही, काखेत हात घालून ओढायचा, त्या दात आवळून सहन करायच्या आणि पोराचं तोंड बघून 'छान उचलतोस' म्हणायच्या. मला कधी तसं म्हणाल्या नाहीत. मधल्या वेळेला एक बाई ठेवली. हिच्या चपलांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पण बाई दुपारी तासभरच यायची, आणि खुर्चीत बसायला त्या तिलाही नाही म्हणायला लागल्या. पडू दे मला, बरं वाटतंय. दिवसचे दिवस पाठीवर. मी खोलीत यायचे, खुर्ची ओढून बसायचे, आणि आमच्यामध्ये पलंगाची रुंदी असायची. तेवढ्या अंतरावरून आम्ही पुन्हा पहिल्यासारख्या बोलायला लागलो. पडदा ओढ. औषध दिलंस का? वीज आली का? एकमेकींची तोंडं दिसत होती, मग काय बोलणार? मी एकदा मुद्दाम वाकून उशी नीट करायच्या निमित्ताने कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्या म्हणाल्या, "वाकू नकोस." एका दुपारी माझा तोल गेला. म्हटलं, "तुमच्या ह्या हट्टापायी तुम्ही मरून जाल, कळतंय का तुम्हाला? पडून पडून छातीत कफ भरतो, मी रोज बघते तसले फोटो!" त्या शांतपणे म्हणाल्या, "मग माझाही काढ एक." आणि त्यांच्या त्या टेलिफोन एक्स्चेंजच्या सपाट आवाजात पुढे म्हणाल्या, "तुझ्या पाठीचं कुणाला तरी दिसलं, हे बरं झालं. मी रोज तुला धरून असूनसुद्धा मला कळलं नाही." मी उठून बाहेर गेले. मला त्या चोमडीचा इतका राग आला की काय सांगू. ती चुकली असती तर बरं होतं. तिने एका पांढऱ्या-काळ्या फोटोतून माझी पाठ वाचवली, आणि त्याच वेळी माझ्या मानेवरचा हात काढून घेतला. तिला काय ठाऊक, कणा बघणारीला कण्यामागची माणसं थोडीच दिसतात!

पाठ बरी व्हायला लागली. हे मला सांगितलंच पाहिजे. उठताना चमक यायची ती थांबली. रात्री कूस बदलता यायला लागली. आणि जसजशी माझी पाठ मोकळी होत गेली तसतसा त्यांचा श्वास अडकायला लागला. दोन्ही गोष्टींचा संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताच्या माणसाला हे कधीही होऊ शकतं म्हणाले, खुर्चीत बसल्या असत्या तरी झालं असतं कदाचित. त्या 'कदाचित' शब्दावर मी आजवर किती वेळा जाऊन आपटले असेन. ताप चढला, घशात घरघर सुरू झाली, आणि आम्ही त्यांना माझ्याच दवाखान्यात आणलं, वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. छातीचा फोटो हवा होता. खाली नेण्यासारखी अवस्था नव्हती, म्हणून मामा चाकांचं मशीन घेऊन वर आले. त्यांच्याबरोबर मी आले. मामा म्हणाले, "तुम्ही नका येऊ, घरचं माणूस आहे." मी म्हटलं, घरचं माणूस आहे म्हणूनच.

पडलेल्या माणसाच्या छातीचा फोटो काढायचा तर पाठीखाली प्लेट सरकवावी लागते, आणि त्यासाठी माणसाला उचलावं लागतं. नवरा पुढे झाला. पण पलंगाची पाठ वर केल्यावर त्या डावीकडे कलंडायला लागल्या, आणि त्याला कळेना कुठे धरावं. मी शिशाचा अंगरखा चढवला, त्याला म्हटलं, तू बाहेर जा, आणि त्यांच्या पाठीमागून हात घातला. "बाई, पाठ!" मामा ओरडले. मी ऐकलं नाही. एवढीशी होऊन गेली होती ती बाई. मामांनी प्लेट सरकवली. आता मी त्यांना सरळ बसवून बाजूला व्हायचं होतं, चार पावलं मागे, म्हणजे फोटोत माझं काही येणार नाही. हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. फोटोच्या चौकटीत आपला हात जाता कामा नये. नवीन आलेल्या पोरींनाही मी हेच आधी सांगते. मामा वायर ओढत दाराशी गेले आणि म्हणाले, "तयार?" आणि तेवढ्यात सासूबाईंचे ओठ हलले. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, आवाज आतल्या आत विरत होता. मी कान नेला. त्यांचा गाल माझ्या गालाला लागला, तापलेला. "जड झाले का गं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही हो आई. काही जड नाही." माझा आवाज चढला नाही. मामा दाराशी, मशीनच्या आड होते, त्यांना वाटलं मी बाजूला झाले. त्यांनी बटण दाबलं.

फोटो मशीनच्या पडद्यावर लगेच येतो. फुप्फुसं दोन्ही बाजूंनी पांढरी, हे मला लांबूनच कळलं. आणि त्यांच्या डाव्या बरगड्यांवर, खालच्या बाजूला, चार बोटांची हाडं, स्पष्ट, पेरं न् पेरं, एका बोटात अंगठी. मामांनी फोटो बघितला आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत माझ्या हातून असा फोटो कधी निघाला नव्हता. चोमडीकडे तो आपोआप गेलाच होता. तिने चौकट आखली नाही. नुसतं लिहिलं: प्रतिमेत बाहेरील भाग आला आहे, तपासणी शक्य नाही, कृपया पुन्हा काढावी. आम्ही खाली विभागात आलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हा हात कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." ते फोटोकडे वळले. मग म्हणाले, "बरगडीखालचं नीट दिसत नाहीये. परत काढावा लागेल." मी म्हटलं, काढते. नवी प्लेट घेऊन आम्ही लिफ्टने वर गेलो तेव्हा खाटेभोवतीचा पडदा ओढलेला होता, आणि नवरा बाहेर उभा होता. मशीनकडे बघून त्याने नुसती 'आता नको' अशी मान हलवली.

नापास झालेले फोटो आमच्याकडे वेगळे ठेवले जातात. त्यांची महिन्याच्या शेवटी तपासणी होते, कुणाच्या हातून किती चुका झाल्या ते बघतात, आणि मग ते आपोआप पुसले जातात. चुकीचं कारण नोंदवावं लागतं: माणूस हलला, दागिना राहिला, हात आला. मामा म्हणाले, मी नोंदवतो, तुम्ही नका बघू. मी म्हटलं, माझी चूक आहे, मीच नोंदवणार. ते म्हणाले, मग मोबाइलवर घेऊन ठेवा निदान. मी मोबाइल काढला आणि परत पर्समध्ये ठेवला. घरी नेऊन काय करू, कुणाला दाखवू? लोकांना त्यात काय दिसणार, बरगड्या दिसणार. डॉक्टरांनी काल माझी पाठ पुन्हा तपासली. म्हणाले, उत्तम आहे, हाड छान भरतंय, वेळेवर कळलं म्हणून, नाहीतर कठीण होतं. मी त्यांचे आभार मानले, मनापासून मानले. मग कामावर येऊन, पहिला माणूस यायच्या आधी, नापासांमधून तो फोटो उघडला. आईंच्या बरगड्यांवर माझी चार बोटं आहेत, घट्ट. रोज उघडते. महिना संपत आलाय.